‘अमुक’ची गोष्ट : संकल्पापासून संगणकापर्यंत

गणपती ही विद्येची देवता, तशीच लेखनिकांचीही. महाभारत लिहून घेताना गणेशाने अट घातली की लेखणी मध्ये थांबता कामा नये, आणि व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. ही कथा आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. आज घराघरांत जो नवा लेखनिक येऊन बसला आहे, तो संगणक, पहिली अट तंतोतंत पाळतो. दुसरी त्याला पाळता येत नाही. त्याची लेखणी थांबत नाही, पण लिहिलेल्याचा अर्थ त्याला कळत नाही. त्यामुळे व्यासांची अट आता त्याला काम सांगणाऱ्यांवर, म्हणजे आपल्यावर, येऊन पडली आहे.

संगणकाला काम सांगण्याची विद्या, म्हणजे प्रोग्रामिंग, बेळगावला आता नवी नाही. गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ पासून अभियंते घडवीत आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्य केंद्र आपल्याच मच्छ्यात आहे. तरीही दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले मूल डिप्लोमाला गेले, की एका शब्दापाशी अडखळते. तो शब्द म्हणजे पॅरामीटर. इंग्रजी व्याख्या पाठ होते, पेपरात लिहिलीही जाते, पण डोक्यात बसत नाही. पुढे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग सुरू झाले की गोंधळ दुप्पट होतो, आणि मूल मनाशी ठरवून टाकते की आपले इंग्रजी कच्चे, हे आपल्याला जमायचे नाही.

आम्हीही डिप्लोमाच्याच वाटेने सरकारी नोकरीत आलो, त्यामुळे ही अडचण आम्हाला जवळून माहीत आहे. आमचे म्हणणे एवढेच की ही कल्पना परकी नाही. नाव परके आहे. कल्पना आपल्या पूजेत, आपल्या गणितात आणि आपल्या व्याकरणात शतकानुशतके वापरात आहे. तिचा हा थोडक्यात इतिहास.

पोथीतला ‘अमुक’

चतुर्थीला मूर्तीपुढे बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात. पूजेच्या छापील पोथीत तिथे यजमानाचे नाव नसते, आणि असणार तरी कसे? पोथी छापणाऱ्याला टिळकवाडीतले घर ठाऊक नाही आणि शहापुरातलेही नाही. म्हणून तिथे ‘अमुक’ असे छापलेले असते. अमुक गोत्र, अमुक नाव, अमुक वार. गुरुजी म्हणताना ‘अमुक’च्या जागी त्या घरचे गोत्र, त्या यजमानाचे नाव आणि त्या दिवसाचा वार घालतात. एकच पोथी हजारो घरांत चालते ती या एका शब्दामुळे.

प्रोग्रामिंगच्या भाषेत बोलायचे तर संपूर्ण विधी म्हणजे फंक्शन. एकदा लिहून ठेवायचा आणि हवा तेव्हा करायचा. पोथीतला ‘अमुक’ म्हणजे पॅरामीटर. आणि प्रत्यक्ष पूजेच्या वेळी त्या जागी उच्चारलेले खरे नाव म्हणजे आर्ग्युमेंट. पाठ्यपुस्तकांत हे दोन शब्द जवळजवळ येतात आणि मुले त्यांची गल्लत करतात. पोथी डोळ्यांपुढे आणली तर गल्लत होत नाही. पॅरामीटर पोथीत असतो, आर्ग्युमेंट यजमानाकडून येते.

मंडळाचे पावतीपुस्तक हेही याच जातीचे. ‘श्री. ______ यांजकडून वर्गणी रु. ______ पोचली.’ छापखाना मजकूर एकदाच जुळवतो, कार्यकर्ते गल्लोगल्ली फिरून रिकाम्या जागा भरतात. हेच संगणकासाठी लिहायचे झाले तर आपण लिहू : पावती(नाव, रक्कम). कंसातल्या दोन जागा म्हणजे दोन पॅरामीटर.

लीलावतीतल्या तीन जागा

रिकाम्या जागेला नाव देण्याची ही पद्धत आपल्या गणितात फार जुनी आहे. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने त्रैराशिकाचा नियम दिला. त्यात तीन राशींना नावे आहेत : प्रमाण, फल आणि इच्छा. फलाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे, की इच्छाफल, म्हणजे हवे ते उत्तर, मिळते. या नियमात एकही आकडा नाही. आहेत त्या फक्त नावे दिलेल्या जागा.

भास्कराचार्यांनी हा नियम ‘लीलावती’त आणखी नेटका केला. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा, आणि ‘लीलावती’ ज्याचा भाग आहे तो ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी लिहिला. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याच्यासाठी १२०७ साली चाळीसगावजवळच्या पाटणे येथे मठाला दान दिल्याचा शिलालेख आहे, आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. बेळगावकरांना जवळचा वाटेल असा एक धागा म्हणजे याच सिंघणाच्या काळात आपल्या वेणुग्रामातली रट्टांची सत्ता संपून हा मुलूख यादवांकडे गेला.

भास्कराचार्य सांगतात की प्रमाण आणि इच्छा या एकाच जातीच्या राशी असाव्यात, त्या आधी व शेवटी मांडाव्यात, आणि वेगळ्या जातीचे फल मधे ठेवावे. आता मोदकांचेच उदाहरण घेऊ. २१ मोदकांना ३ नारळ लागतात असे धरले, तर ८४ मोदकांना किती? प्रमाण २१, फल ३, इच्छा ८४. तीनाला ८४ ने गुणून २१ ने भागले की १२ नारळ. कोणी घाईत २१ आणि ८४ यांची अदलाबदल केली, तर उत्तर येते पाऊण नारळ. घरातली आजी हे उत्तर ऐकताच हसेल. संगणक हसणार नाही. तो पाऊण नारळाची यादी छापून मोकळा होईल.

या छोट्या नियमात आजच्या प्रोग्रामिंगचे तीन धडे आहेत. प्रत्येक रिकाम्या जागेला नाव हवे. किमती कोणत्या क्रमाने द्यायच्या ते ठरलेले हवे. आणि कोणत्या जागी कोणत्या जातीची वस्तू चालते हेही ठरलेले हवे. नारळांच्या जागी मोदक चालत नाहीत, तसेच रकमेच्या जागी नाव चालत नाही. संगणकाच्या पुस्तकात ज्याला ‘टाइप’ म्हणतात, तीच ही ‘जात’.

भास्कराचार्यांनी संगणक शोधला, असा दावा आम्ही करीत नाही. तसा दावा त्यांनाही आवडला नसता. यंत्राचा शोध दुसऱ्यांचा आहे आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ‘अनेक उदाहरणांसाठी एक नियम, आणि नियमात नावे दिलेल्या जागा’ हा विचार आपल्या पाटीवर फार आधीपासून आहे.

विभक्तीची युक्ती

क्रम चुकला तर उत्तर चुकते, ही मोठी अडचण. तिच्यावरचा उपाय आपण रोज तोंडाने वापरतो. ‘आईने बाप्पाला दूर्वा वाहिल्या’ हे वाक्य ‘बाप्पाला दूर्वा आईने वाहिल्या’ असे म्हटले तरी कोणाचा घोटाळा होत नाही. कोणी वाहिल्या आणि कोणाला वाहिल्या, हे शब्दाच्या जागेवरून कळत नाही, ‘ने’ आणि ‘ला’ या प्रत्ययांवरून कळते. इंग्रजीत मात्र कर्ता आणि कर्म यांची जागा बदलली की वाहणारा आणि घेणारा यांचीच अदलाबदल होते.

पाणिनीने हे फार खोलात जाऊन सांगितले. क्रियेला लागणारी सहा कारके त्याने ठरवली : कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण. क्रिया कोण करतो, कशावर करतो, कशाने करतो, कोणासाठी, कुठून आणि कुठे, अशा या सहा जागा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले, आणि तेव्हापासून पिढ्यानपिढ्या शाळेत आपण विभक्त्या घोकत आलो. त्या कशासाठी, हे मात्र क्वचितच कोणी सांगितले.

प्रोग्रामिंगच्या भाषांतही दोन्ही रीती आहेत. काही ठिकाणी किमती क्रमाने द्याव्या लागतात : पावती(“सावित्री”, ५०१). काही भाषांत, उदाहरणार्थ पायथनमध्ये, जागेचे नाव सांगून देता येतात : पावती(रक्कम=५०१, नाव=“सावित्री”). मग क्रम उलटा झाला तरी बिघडत नाही. पहिली रीत इंग्रजी वाक्यासारखी, दुसरी मराठीसारखी. ती कन्नडसारखीही आहे. आपण ‘रामाला’ म्हणतो तिथे शेजारी ‘रामनिगे’ म्हणतो, म्हणजे तिथेही काम प्रत्ययानेच होते. सीमाभागातले मूल लहानपणापासून दोन भाषांतून ही युक्ती ऐकत मोठे होते. ते या बाबतीत मागे नसून दोन पावले पुढे आहे.

केंब्रिजमधली कागदी पट्टी

आता यंत्राकडे वळू. इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने एका मोठ्या गणकयंत्राचा आराखडा केला होता. ते पूर्ण बांधले गेले नाही, पण ॲडा लव्हलेसने १८४३ साली त्यावर लिहिलेल्या टिपा प्रसिद्ध आहेत. त्या यंत्रात छिद्रे पाडलेल्या पत्त्या वापरायच्या होत्या. कोणती क्रिया करायची हे सांगणाऱ्या पत्त्या वेगळ्या, आणि ती कोणत्या खान्यांतल्या संख्यांवर करायची हे सांगणाऱ्या वेगळ्या. विधी एकीकडे आणि ‘अमुक’ दुसरीकडे, ही विभागणी यंत्रासाठी अशी कागदावर उतरली.

प्रत्यक्ष चालते यंत्र हाती आले ते शंभर वर्षांनी. केंब्रिज विद्यापीठातला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये सुरू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांच्या लवकरच ध्यानात आले की वर्गमूळ काढणे, उत्तर छापणे अशी तीच ती कामे प्रत्येक जण नव्याने लिहीत बसतो. म्हणून त्यांनी ती कामे कागदी पट्ट्यांवर एकदाच तयार करून कपाटात ठेवली. हवी ती पट्टी काढायची आणि आपल्या कामाला जोडायची. १९५१ साली त्यांनी या पद्धतीवर पुस्तकच लिहिले.

पण पट्टी सर्वांना उपयोगी पडायची तर तिच्यात रिकाम्या जागा हव्यात. त्यांनी त्या दोन प्रकारच्या ठेवल्या. काही जागा पट्टी यंत्रात घालतानाच कायमच्या भरायच्या, आणि काही प्रत्येक वेळी काम सांगताना नव्याने भरायच्या. संकल्पातही असेच आहे. गावाचा उल्लेख गुरुजी वर्षभर एकच करतात, यजमानाचे नाव घराघरांत बदलते. पॅरामीटर हा शब्द संगणकाच्या कामात रुळला तो याच काळात.

आपल्याकडेही फार उशीर झाला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पर्यंत एक प्रायोगिक संगणक चालवून दाखवला. १९६० साली मोठे यंत्र सुरू झाले, आणि त्याला टिफ्रॅक हे नाव पंडित नेहरूंनी दिले.

मूळ कागद, झेरॉक्स की कपाट नंबर

यानंतर एक नवाच वाद उभा राहिला. फंक्शनच्या हातात किंमत द्यायची म्हणजे नेमके काय द्यायचे? आम्ही सरकारी नोकर, आमचा दिवस कागदांत जातो, त्यामुळे हा वाद आम्हाला लगेच कळतो. अर्जासोबत मूळ दाखला द्यायचा की झेरॉक्स? झेरॉक्स दिली तर समोरच्याने तिच्यावर काहीही खरडले तरी मूळ कागद घरी सुखरूप राहतो. पण ‘फाईल अमुक कपाटात आहे, तिथे जाऊन बघा’ असे सांगितले, तर तो तिथे जाऊन जे खोडेल ते मूळ फाईलमध्येच खोडले जाईल.

फोरट्रान ही भाषा १९५७ साली आली, आणि १९५८ च्या दुसऱ्या आवृत्तीत अशी सुटी फंक्शने लिहिण्याची सोय झाली. तिथे बहुधा कपाट नंबर देण्याची रीत होती. त्यातून जुन्या काही यंत्रणांत एक विचित्र अपघात घडू शकत असे. फंक्शनला ४ हा आकडा दिला आणि फंक्शनने आपल्या जागेत ५ लिहिले, तर त्यानंतर प्रोग्राममध्ये जिथे जिथे ४ लिहिले असेल तिथे ५ वाचले जाई.

१९६० च्या अल्गोल भाषेच्या अहवालाने या बाबतीत शिस्त आणली. पोथीतला ‘अमुक’ आणि यजमानाचे खरे नाव यांना तिथे वेगवेगळी नावे मिळाली, आणि फंक्शनला नुसती प्रत द्यायची की दिलेली मांडणी जशीच्या तशी त्या जागी बसवायची, हे लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगावे असे ठरले. आजच्या जावा आणि पायथनमध्ये ऑब्जेक्ट देताना मधला मार्ग आहे. तो तिजोरीच्या दुसऱ्या चावीसारखा. खजिनदाराने दुसऱ्याला चावी करून दिली. ती चावी त्याने हरवली तरी खजिनदाराची चावी जागेवर आहे. पण तिने तिजोरी उघडून रक्कम काढली, तर तिजोरी एकच असल्यामुळे रक्कम सर्वांसाठीच कमी झाली. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी, ‘मी तर इथे बदल केला, तो तिकडे कसा झाला?’ या जातीच्या असतात. चावी की झेरॉक्स, एवढे विचारले की उत्तर सापडते.

न दिसणारा पॅरामीटर

ऑब्जेक्ट ही कल्पना नॉर्वेतली. ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी साठच्या दशकात सिम्युला ही भाषा केली, आणि तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास आणि ऑब्जेक्ट स्पष्ट रूपात आले. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून निघालेली एकेक मूर्ती. साचा एक असला तरी प्रत्येक मूर्ती वेगळी, तिचा रंग वेगळा, तिचे घर वेगळे. मूर्ती घडतानाच द्यायच्या किमतीही असतात. त्या बारशासारख्या : नाव एकदाच ठेवायचे, मग ते जन्मभर चालते.

पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा केली, ती झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाला जिचे नाव चिकटले, तीच ही कंपनी. १९७९ पासून ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी ज्या कामातून पुढे सी प्लस प्लस घडवली, त्यामागेही सिम्युलाचीच प्रेरणा होती. त्यांनी डॉक्टरेट केली ती केंब्रिजमध्ये, आणि मार्गदर्शक होते डेव्हिड व्हीलर, म्हणजे एडसॅकच्या पट्ट्यांवाले. गुरुशिष्य परंपरा काही आपल्याकडेच आहे असे नाही.

या भाषांत फंक्शन मोकळे नसते, ते एखाद्या ऑब्जेक्टचे असते. समजा, ‘मंडळ’ हा साचा आहे. शहापूर हे एक मंडळ, वडगाव हे दुसरे. प्रत्येकाची शिल्लक वेगळी. आपण लिहितो : शहापूर.वर्गणी_घे(“सावित्री”, ५०१). कंसात दोनच किमती दिसतात. पण रक्कम कोणाच्या शिलकीत जमा करायची, हे फंक्शनला कसे कळले? टिंबाच्या आधी लिहिलेले ‘शहापूर’ ही तिसरी किंमतच आहे. ती कंसाच्या बाहेर राहून गुपचूप आत पोचते. आत गेल्यावर तिचे नाव होते ‘स्वतः’. जावा आणि सी प्लस प्लसमध्ये हा ‘स्वतः’ पॅरामीटर लिहावा लागत नाही. १९९१ साली आलेल्या पायथनमध्ये साचा लिहिताना तो यादीत पहिला लिहावाच लागतो. म्हणून पायथन शिकणारी मुले विचारतात, ‘लिहिताना तीन आणि वापरताना दोन, हे कसे?’

त्याचेही उत्तर मराठीत आहे. ‘जेवलास का?’ असे विचारताना आपण ‘तू’ म्हणत नाही. ‘तू’ त्या ‘स’मध्ये बसलेला असतो. ‘येतो हं’ म्हणून पाहुणा उठला की कोण येतो, असे कोणी विचारीत नाही. शेजारच्या कन्नड घरात ‘बर्तेने’ म्हणतात, तिथेही ‘मी’ क्रियापदातच आहे. न उच्चारता पोचणारा कर्ता हा आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. पायथन त्याला लिहून दाखवते, जावा त्याला गृहीत धरते.

यातूनच एक चांगला नियम निघतो. जे ऑब्जेक्टला आधीच ठाऊक आहे ते पुन्हा विचारू नये. दर वेळी बदलते तेवढेच पॅरामीटर म्हणून मागावे. एकाच कार्यालयात चार अर्जांवर चार वेळा तेच नाव आणि तोच पत्ता लिहिणाऱ्या नागरिकाला या नियमाची किंमत वेगळी सांगायला नको.

आपला उतारा

आपल्या भागात हा इतिहास ज्या कागदाने घरोघरी पोचला, तो म्हणजे जमिनीचा उतारा. १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि गावनमुना सात व बारा मिळून झालेला सातबारा हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. आता कन्नडमध्ये त्याला पहाणी म्हणतात. या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटकने ‘भूमी’ योजनेखाली सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर घेतले, आणि हाताने लिहिलेला उतारा बंद झाला.

आता उतारा काढताना काय विचारतात ते आठवावे : जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्वे नंबर, हिस्सा. हे सगळे पॅरामीटर आहेत. साचा संपूर्ण राज्यासाठी एकच, पण या जागा भरल्या की त्यातून नेमकी तुमची जमीन समोर येते. एक जागा चुकली तर यंत्र भांडत नाही. ते दुसऱ्याचा उतारा दाखवते किंवा काहीच दाखवत नाही. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होती, आता तिचा स्वतंत्र तालुका झाला आहे. जमीन तिथेच आहे, बांधही हललेला नाही, तरी जुना तालुका सांगितला तर ती सापडणार नाही. रिकाम्या जागेत काय भरायचे हे ज्याला कळते, त्याला आपली जमीन सापडते. ज्याला कळत नाही, त्याला प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाचे तरी बोट धरावे लागते.

म्हणून पालकांना विनंती आहे. मूल प्रोग्रामिंग शिकत असेल तर त्याला इंग्रजी व्याख्या विचारू नका. मराठीत तीन प्रश्न विचारा. या कामात दर वेळी बदलते ते काय? ते क्रमाने सांगायचे की नावाने? आणि देताना मूळ द्यायचे, झेरॉक्स द्यायची की चावी? घरच्या भाषेत या तिन्हींची उत्तरे देणारे मूल पेपरात इंग्रजीतही ती लिहील, आणि पुढे जी नवी भाषा येईल तिच्यातही अडणार नाही. लेखनिक कितीही वेगवान झाला तरी अर्थ समजून सांगण्याचे काम माणसाचेच आहे, आणि तो अर्थ मायबोलीत लवकर समजतो.

बुद्धिदाता गजानन आपल्या मुलांना ती समज देवो. गणपती बाप्पा मोरया!